भोजचा पाटील, फलटणचं तांबं

खटाव-माणच्या रस्त्यांना अनवाणी पावलांची सवय आहे. चैत्रात शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढतात, आषाढाच्या तोंडावर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. पण अनवाणी चालणाऱ्यांची आणखी एक रांग या भागातून जाते आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष नसतं. पहाटे पहाटे वडूजच्या अलीकडे-पलीकडे कधीतरी दिसते ती. एक-दोन दिगंबर मुनी, हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, पुढेमागे चार तरुण, आणि मागून संथ चाललेली एखादी गाडी. ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं असतं. एसटीतली माणसं खिडकीतून बघतात, काही हात जोडतात, काही नजर वळवतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘अनवाणी’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला ही रांग आठवली. ती सुरू कुठून झाली, हे शोधायला निघालो. वडूजला राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. उत्तरेला दहिवडीवरून मोगराळे घाट उतरलं की फलटण. दक्षिणेला येरळेच्या पाण्याबरोबर गेलं, की ती ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिथून समडोळी जवळ. या दोन गावांत एकाच माणसाच्या आयुष्याच्या दोन महत्त्वाच्या खुणा आहेत. समडोळीत १९२४ साली त्यांना आचार्यपद मिळालं. फलटणला त्यांच्या सांगण्यावरून तांब्यावर कोरलेले जैन आगम आहेत. त्यांचं नाव आचार्य शांतिसागर. जन्म १८७२, देहत्याग १९५५. आज देशभर फिरणाऱ्या दिगंबर मुनींपैकी फार मोठा हिस्सा आपली गुरुपरंपरा त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतो.

चौक्यातली सकाळ

त्यांनी काय केलं हे समजायचं, तर आधी मुनींचा आहार बघावा. तो मी सांगलीजवळच्या एका गावात, चातुर्मासात पाहिला. पावसाळ्याचे चार महिने मुनी एका गावी थांबतात, कारण ओल्या जमिनीवर जीवजंतू फार आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते मरायचे. उरलेले आठ महिने चालणं.

सकाळी सातलाच घरातल्या बायका न्हाऊन, शुद्ध धुतलेली लुगडी नेसून चुलीपुढे होत्या. या स्वयंपाकाला चौका म्हणतात. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळलेलं. फडक्यात जे काही सूक्ष्म जीव अडकले असतील ते पुन्हा त्याच विहिरीत, पाण्यापर्यंत बादली नेऊन, हलकेच सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, आपटून मरतील. पीठ घरी दळलेलं आणि त्यालाही मुदत: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढचं पीठ मुनींना चालत नाही. कांदा-बटाटा तर या घरात एरवीही येत नव्हता.

“पाणी कुठनं आणलं, कुणी गाळलं, समदं आमाला म्हायती असाय लागतं,” घरच्या आजी म्हणाल्या. “महाराजांच्या म्होरं ‘शुद्ध हाय’ असं तोंडानं म्हणायचं असतं. खोटं कसं म्हणायचं?”

दहाच्या सुमाराला बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, मुनी बाहेर पडले. उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली. म्हणजे आहाराला निघालेत. त्यांना कुणी आमंत्रण दिलेलं नसतं आणि दिलं तरी ते घेत नाहीत. मनात एखादी अट धरलेली असते, ती कुणाला सांगायची नाही: दारात जोडपं उभं असेल तिथेच थांबायचं, किंवा हातात नारळ असलेल्या घरीच. गल्लीत आठ-दहा घरांपुढे माणसं कलश, नारळ, फळं घेऊन उभी होती. मुनी समोर आले, की जो तो ‘नमोस्तु’ म्हणून थांबण्याची विनंती करायचा. दोन घरं गेली, तिसरं गेलं. चौथ्या दारात एक म्हातारा आणि त्याची नात उभी होती. तिथे ते थांबले. का, ते कुणालाच कळलं नाही. आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग तीन प्रदक्षिणा, पाटावर बसवून पाय धुणं, पूजा, मन-वचन-काया आणि अन्नपाणी शुद्ध असल्याची ग्वाही. त्यानंतर मुनी उभे राहिले, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्यात एकेक घास पडू लागला. दिवसातून एकदाच, उभ्याने, पाणीही त्याच वेळी. प्रत्येक घास ते अंगठ्याने चाचपून बघत होते. त्यात केस निघाला, मेलेला किडा निघाला, तर तिथेच आहार संपतो, पुढच्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. त्याला अंतराय म्हणतात. घरातली सगळी माणसं श्वास रोखून ओंजळीकडे बघत होती. मुलाबाळांना मागच्या खोलीत बसवलं होतं.

आज ही रीत समडोळी-कुंभोज पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती याच भागातून जवळजवळ गेली होती.

दूधगंगेकाठचा सातगोंडा

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागात भोज नावाचं गाव आहे. वेदगंगा आणि दूधगंगा तिथे एकत्र येतात. पलीकडे कोल्हापूरचा मुलूख, घरात कानडी, बाजारात मराठी. या गावच्या भीमगोंडा पाटलांचा मुलगा सातगोंडा. जन्म आजोळी, येळगूळला. नवव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच ती लहानगी वारली. पुन्हा लग्नाला त्याने नकार दिला. शाळा फार झाली नाही. अंगाने दणकट, शेतात राबणारा माणूस. घरच्या कापडाच्या दुकानात बसवलं, तर गिऱ्हाइकालाच कापड मोजून घ्यायला सांगायचा, अशी आठवण चरित्रकार देतात. शेतात पाखरं आली तर हाकलायचा नाही, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवायचा, हीही गोष्ट भोजच्या परिसरात सांगतात. संतांच्या बालपणाला अशा गोष्टी चिकटतातच. पण एक गोष्ट मला विशेष वाटते. संन्यास घ्यायची इच्छा तरुणपणापासून होती, तरी आई-वडील असेपर्यंत त्याने घर सोडलं नाही. क्षुल्लक दीक्षा, म्हणजे मुनिपदाच्या आधीची पायरी, घेतली तेव्हा वय त्रेचाळीस होतं. १९१५ साली, कोल्हापूर भागातल्या उत्तूरला, देवेंद्रकीर्ती स्वामींकडून. लोक देवेंद्रकीर्तींना देवाप्पा स्वामी म्हणत.

त्या काळी दक्षिणेत दिगंबर मुनी अगदी मोजके उरले होते, आणि जे होते त्यांनी काळाशी तडजोड केलेली होती. गावात जाताना अंगावर वस्त्र घेत. कोणाच्या घरी जेवायचं हे बस्तीचा उपाध्ये आदल्या दिवशी ठरवून येई. शास्त्रात मुनीने काय करावं हे लिहिलेलं होतं, पण तसं करणारा माणूस बघायला मिळत नव्हता. क्षुल्लक झालेल्या सातगोंडाने, म्हणजे शांतिसागरांनी, ठरलेल्या घरी जायला नकार दिला. ग्रंथात लिहिलंय तसं विधीने थांबवलं तरच जेवणार. लोकांना तो विधीच माहीत नव्हता. दारावरून हा माणूस निघून जायचा आणि उपाशी राहायचा. कित्येक दिवस असे गेल्याचं चरित्रात आहे. मग गावकरी विचारू लागले: आम्ही काय करायचं ते तरी सांगा. अशा रीतीने घराघराला तो विधी पुन्हा शिकवला गेला, उपदेशाचा एक शब्दही न बोलता.

१९२० साली यरनाळला पंचकल्याणक महोत्सवात, म्हणजे मूर्तिप्रतिष्ठेच्या सोहळ्यात, त्यांनी मुनिदीक्षा घेतली. दिगंबर मुनीचे अठ्ठावीस मूलगुण सांगितले आहेत. त्यांतली पाच महाव्रतं, पाच समिती वगैरे पुस्तकात वाचून कळतात. शेवटचे सात मात्र डोळ्यांना दिसतात: केस हाताने उपटणं, नग्नता, स्नान नाही, दात घासणं नाही, जमिनीवर झोप, उभ्याने आहार, आणि तो एकदाच. केशलोच मी जवळून पाहिला आहे. राख लावून पकड घ्यायची आणि दाढीचे, डोक्याचे केस चिमटीने ओढायचे. तासभर चालतं. भोवतीच्या बायका भजन म्हणत होत्या, एकीने पदर तोंडाला लावला होता. मुनींचा चेहरा हलला नाही, पण मानेवरची शीर थरथरत होती.

आधुनिक काळातले पहिले दिगंबर मुनी कोण, यावर समाजात वाद आहे. कृष्णाकाठच्या अंकलीचे आदिसागर वयाने वडील. त्यांनी १९१३ सालीच कुंथलगिरीला दीक्षा घेतली होती. त्यांची परंपराही आज मोठी आहे. उदगावच्या कुंजवनात १९४४ साली त्यांनी देह ठेवला. वाद घालणाऱ्यांनी भोजच्या संगमावरची एक आठवण लक्षात ठेवावी: नदीला पाणी असताना गृहस्थ सातगोंडाने आदिसागरांना खांद्यावर बसवून पलीकडे नेलं, असं तिथे सांगतात. त्या दोघांना हा प्रश्न पडला नसावा.

समडोळी, १९२४

समडोळी हे मिरज तालुक्यातलं, ऊस आणि भाजीपाल्याचं गाव. इथला जैन हा शेतकरी आहे. म्हसवड, नातेपुते, फलटण, अकलूजकडचा जैन बहुतेक व्यापारी. दोशी, गांधी, शहा, घरात गुजरातीचा गंध असलेली बोली. समडोळीकडचा पाटील, मगदूम, चौगुले. शांतिसागरांना दोन्हीकडून माणसं मिळाली, आणि ही गोष्ट छोटी नाही, कारण या दोन समाजांत रोटी-बेटीचं अंतर मोठं होतं. समडोळीला १९२४ मध्ये संघाने त्यांना आचार्य केलं. तिथेच औरंगाबाद भागातल्या हिरालाल गंगवाल यांनी त्यांच्याकडून मुनिदीक्षा घेतली. ते वीरसागर झाले आणि पुढे त्यांचे उत्तराधिकारी.

तीन-चार वर्षांत संघ उत्तरेकडे निघाला. मुंबईच्या जव्हेरी कुटुंबाने यात्रेची व्यवस्था केली आणि महाराष्ट्रातून पायी चालत १९२८ साली तो झारखंडातल्या सम्मेद शिखरजीला पोचला. मग उत्तर भारतातली शहरं, दिल्लीचा चातुर्मास. इंग्रज अमलात आणि संस्थानांत नग्न साधूने रस्त्यावरून जावं की नाही, यावर बंधनं यायची. शांतिसागर थांबले नाहीत, अर्ज-विनंत्या त्यांनी इतरांवर सोडल्या. ते चालत राहिले. उत्तरेत कित्येक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिलेलाच नव्हता.

इथे मला दुसरा एक माणूस आठवतो. शांतिसागरांना समडोळीत आचार्यपद मिळालं, त्याच १९२४ साली याच जैन शेतकरी समाजातले, कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील आपलं वसतिगृह साताऱ्यात सुरू करत होते. सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला, एका चुलीवरचं जेवण. एक जण अन्नाची शुद्धता दाण्यादाण्याने तपासत होता, दुसऱ्याने एकाच भांड्यातून सगळ्यांना वाढलं. दोघंही अनवाणी हिंडले. दोघांच्याही मागे सातारा-सांगलीतल्या शेतकऱ्यांनी धान्याची पोती उभी केली. या दोघांना एकत्र ठेवून कुणी लिहीत नाही, पण मला वाटतं या मातीचा स्वभाव कळायला ही दोन्ही टोकं लागतात.

मिरजेचं एक जोडपं

आता फलटणकडे वळण्याआधी मिरजेत थांबावं लागतं.

दिगंबरांचे सर्वांत जुने आगमग्रंथ म्हणजे षट्खंडागम आणि कषायपाहुड. परंपरा अशी सांगते की गिरनारच्या गुहेत म्हातारे झालेले धरसेनाचार्य आपल्याबरोबर हे ज्ञान संपेल म्हणून चिंतेत होते. त्यांनी दक्षिणेतून दोन शिष्य बोलावले, पुष्पदंत आणि भूतबली. त्यांना तोंडी शिकवलं आणि त्या दोघांनी ते लिहून काढलं. नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावर ‘धवला’ टीका लिहिली, ७२ हजार श्लोकांएवढी; ती ८१६ साली पुरी झाली. कषायपाहुडावरची ‘जयधवला’ त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पूर्ण केली, ६० हजार श्लोकांएवढी. भूतबलींच्या ‘महाबंध’ला लोक ‘महाधवल’ म्हणू लागले. विषय कर्माचा: आत्म्याला कर्म कसं चिकटतं, किती काळ टिकतं, कसं झडतं, आत्म्याची चौदा पायऱ्यांची चढण. हे सांगताना वीरसेन आकड्यांच्या रानात खोल शिरतात. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येईल, याला त्यांनी ‘अर्धच्छेद’ म्हटलं आहे. लॉगॅरिदम शिकलेल्याला ती ओळख लगेच पटेल.

हे सगळं शेकडो वर्षं एकाच ठिकाणी होतं, कर्नाटकातल्या मूडबिद्रीत. ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन मिळे, वाचायला कुणाला मिळत नसे, आणि वाचता येणारेही उरले नव्हते. १८८० नंतर मुंबईचे माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद तिथे गेले, पत्रं झिजताना पाहून अस्वस्थ झाले आणि नक्कल करून घ्यायचं ठरलं. कामाला बसले श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्ये. ब्रह्मसूरी मध्येच वारले. गजपतींनी वर्षानुवर्षं बसून धवला-जयधवलाची नक्कल तडीस नेली.

पण अट होती: ही नक्कल मूडबिद्रीबाहेर जायची नाही. म्हणजे ग्रंथ पुन्हा कुलपातच. गजपतींनी दिवसा भट्टारकांच्या, म्हणजे तिथल्या जैन मठाधिपतींच्या, मठासाठी लिहिलं आणि घरी लपून दुसरी प्रत केली. त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मदत करत होत्या. त्या स्वतः शिकलेल्या होत्या, कानडी अक्षर त्यांना उत्तम येत होतं. हजारो पानं. एकही ओळ चुकली तर अर्थ कोसळेल असा मजकूर, आणि वरून चोरीचं भय. ती प्रत त्यांनी शेवटी सहारनपूरला पोचवली. तिच्यावरून देवनागरीत नकला झाल्या, कारंजा-अमरावतीपर्यंत आल्या, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी १९३९ साली षट्खंडागमाचा पहिला खंड छापून काढला. सोळावा खंड निघायला १९५९ उजाडलं.

कायद्याच्या भाषेत गजपती-लक्ष्मीबाईंनी विश्वासघात केला असं म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. ज्ञान कुलपात ठेवून ते जपल्याचं समाधान मानणाऱ्यांनी ते वाळवीच्या हवाली केलं होतं. मिरजेच्या या दोघांनी ते वाचवलं. मिरज म्हटलं की आपण सतारमेकर सांगतो, डॉक्टर वानलेस सांगतो, बालगंधर्व सांगतो. लक्ष्मीबाईंचं नाव कुणी घेत नाही.

तांबं

शांतिसागर संस्कृत-प्राकृतचे पंडित म्हणून वाढलेले नव्हते. त्यांचं शिक्षण दीक्षेनंतरचं, ऐकून आणि रोजच्या स्वाध्यायातून झालेलं. म्हणूनच त्यांना विद्वान म्हणायला काहींची जीभ अडते. मी म्हणतो, कारण ग्रंथातलं वाक्य समोर आलं की ते दोनच प्रश्न विचारत: हे आज पाळता येतं का, आणि हे उद्या टिकेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या अंगावर दिलं. दुसऱ्याचं उत्तर फलटणला आहे.

१९४४-४५ च्या सुमाराला त्यांच्या कानावर आलं, की महाबंधाच्या ताडपत्रांतला चार-पाच हजार श्लोकांएवढा मजकूर किड्यांनी खाल्ला आहे. तो कायमचा गेला. दुसरी मूळ प्रत कुठेही नाही. चरित्रकार लिहितात, की त्या रात्री त्यांना झोप आली नाही. कुणाचं माणूस गेलं तरी न डगमगणारा हा साधू ओळी गेल्या म्हणून व्याकूळ झाला. सकाळी त्यांनी श्रावकांपुढे विषय काढला: हे तांब्यावर कोरा. त्यातून जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था उभी राहिली, पैसा जमला, आणि धवला, जयधवला, महाबंध हे तिन्ही ग्रंथ देवनागरीत ताम्रपटांवर उतरले. फलटणला ते आजही आहेत.

फलटण म्हणजे निंबाळकरांचं, मुधोजी मनमोहन राजवाड्याचं, श्रीराम मंदिराचं. जैनांचं फलटण बाहेरच्याला सहज दिसत नाही, दाट वस्तीत जावं लागतं. तांब्याचा पत्रा समोर आला, तेव्हा आधी त्याचं वजन जाणवलं. हातात धरून वाचायची ही वस्तू नव्हे. उजेडाकडे कलता केल्याशिवाय अक्षर उठत नाही. सरळ धरला तर नुसता तांबूस-काळा पत्रा, जरा तिरपा केला की ओळीमागून ओळ उमटते. मी पाहिला तो पत्रा कडेला काळवंडला होता, अक्षर मात्र कुठेही झिजलेलं नव्हतं. वाळवी, पाणी, आग या तिघांनाही पुरून उरेल असं काही करायचं, एवढाच हेतू त्यामागे होता.

पण फलटण एवढ्यावर थांबलं नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तांबं जपतं, वाचायला देत नाही. शांतिसागरांच्याच प्रेरणेने फलटणला श्रुतभांडार व ग्रंथप्रकाशन समिती झाली आणि ग्रंथ छापून गावोगावच्या मंदिरांना दिले गेले. छापखान्यात धर्मग्रंथ गेला तर बाटतो, असं मानणारी माणसं जैनांतही होती. याच समितीने १९६५ साली षट्खंडागमाची सूत्रं हिंदी अर्थासह प्रसिद्ध केली. संपादन सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांचं. लपून नक्कल करणाऱ्या लक्ष्मीबाईंपासून मुखपृष्ठावर नाव असलेल्या सुमतीबाईंपर्यंत, या ग्रंथाचा आधुनिक प्रवास बायकांच्या हातांवाचून सांगता येत नाही.

अन्नत्यागाची तीन वर्षं

एका ठिकाणी मी शांतिसागरांबरोबर जाऊ शकत नाही.

१९४७ साली मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढच्या वर्षी त्यात ‘हिंदू’ या व्याख्येत जैनांनाही घेतलं. शांतिसागरांचं म्हणणं, जैन हा स्वतंत्र धर्म आहे, हिंदू मंदिरांचा कायदा जैन मंदिराला लावू नये. त्यांनी अन्नधान्य सोडलं. १९४८ ते १९५१, तीन वर्षं धान्याचा कण पोटात गेला नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढे. अकलूजच्या जैन मंदिराचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती छागला यांनी १९५१ मध्ये कायद्याचा जो अर्थ लावला तो जैनांच्या बाजूचा होता, आणि त्यानंतर शांतिसागरांनी अन्न घेतलं.

स्वतंत्र धर्माचा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. त्या निकालाचं कायदेशीर महत्त्वही आहे. पण या लढ्यात मंदिराच्या पायरीवर उभा असलेला माणूस बाहेरच राहिला. महावीरांच्या समवसरणात, म्हणजे उपदेशसभेत, वाघ आणि गाय शेजारी बसले असं सांगणाऱ्या परंपरेने त्याला आत घ्यायला कायद्याची वाट बघायला नको होती. याच भागात भाऊरावांनी सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली होती, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले होते. या एका प्रश्नात माझा कौल भाऊरावांना. शांतिसागरांवर प्रेम असलेल्यांनी ही तीन वर्षं नुसती तपश्चर्या म्हणून सांगू नयेत. ती कशासाठी होती हेही सांगावं.

कुंथलगिरी

१९५५ पर्यंत शांतिसागरांना दिसेनासं झालं होतं. डोळे जाणं म्हणजे म्हातारपणचं दुखणं, असं आपण म्हणू. मुनीचं तसं नसतं. पायाखालचा किडा दिसत नाही, ओंजळीतल्या घासातला जीव दिसत नाही. म्हणजे अहिंसेचं पहिलं व्रतच धोक्यात. उपचार करून, गाडीत बसून, कुणाच्या हाताला धरून आयुष्य लांबवता आलं असतं. त्यांनी व्रत धरलं, आयुष्य सोडलं. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला, जिथे कुलभूषण-देशभूषण मुनी मोक्षाला गेले असं मानतात, त्या टेकडीवर १४ ऑगस्टला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत शांतपणे मरण स्वीकारण्याचं व्रत, सुरू केली. जयपूरला असलेल्या वीरसागरांना पत्राने आचार्यपद दिलं. मग हळूहळू पाणीही सुटलं.

सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, ते बोलले आणि ते ध्वनिमुद्रित झालं. मराठीत, सीमाभागातल्या कानडी वळणाच्या मराठीत. इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाचा आवाज, पण वाक्य तुटत नाही. मोठं तत्त्वज्ञान त्यात नाही. शरीर वेगळं, आत्मा वेगळा, हे नुसतं म्हणू नका, अनुभवा. संयमाला भिऊ नका. आणि मग अगदी शेतकऱ्याच्या हिशेबाने सांगतात: दिवसातून सहा घडी स्वतःच्या आत बघा, नाही जमलं तर चार घडी, दोन घडी, तेही होत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं, निदान पाच मिनिटं. स्वतःसाठी रेसभर सवलत न घेतलेला माणूस लोकांशी बोलताना सहा घडींवरून पाच मिनिटांपर्यंत खाली येतो, त्यांना हाताला धरून. त्यांच्या शिकवणीचा गाभा मला इथे सापडला. नियम पूर्ण पाळायचा तो स्वतः. दुसऱ्याला जमेल तिथून सुरुवात करू द्यायची.

१८ सप्टेंबर १९५५ ला, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली सल्लेखना म्हणजे आत्महत्या असं ठरवलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. माझ्यापुरतं, शांतिसागरांच्या छत्तीस दिवसांत जगण्याचा कंटाळा कुठे दिसत नाही. एवढंच खरं की अशा मरणाचा आग्रह दुसऱ्याला कधीही होता कामा नये, विशेषतः घरातल्या थकलेल्या म्हातारीला. त्यांनी तो कुणाला केलाही नाही.

आपल्या घरातल्या पोथ्या

या फिरतीत जिथे जिथे जुनी जैन घरं लागली, मग ती मिरज भागातली असोत की माणदेशातली, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, पत्र्याच्या ट्रंकेत हस्तलिखितं आहेत. काही मराठीत, काही जुन्या कानडीत, बहुतेकांची पानं कुणी उलटलेली नाहीत. हे फक्त जैन घरांपुरतं नाही. वडूज-औंध भागातल्या ब्राह्मणांच्या, मराठ्यांच्या, लिंगायतांच्या वाड्यांतही तीच स्थिती आहे. घर पाडून नवं बांधताना ती रद्दीत जातात किंवा श्रद्धेने नदीत सोडली जातात. नदीत सोडलेली पोथी वाचत नाही.

तुमच्या घरी अशी पोथी असेल, तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळत घालू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, लाकडी फळ्यांमध्ये ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. त्याला मोबाइल पुरतो. लिपी कळत नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेत विचारा. पोथी द्यायची नसेल तर देऊ नका, निदान नक्कल होऊ द्या. महाबंधाच्या हरवलेल्या ओळींची दुसरी प्रत कुणा एका घरात असती, तर त्या आज आपल्याकडे असत्या.